शाळेची पंचाहत्तरी आणि माजी विद्यार्थ्यांची यादी: सुरुवात कुठून करायची?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
तालुक्याच्या गावची अनुदानित मराठी शाळा, पाचवी ते दहावी. पुढच्या जूनमध्ये ७५ वर्षं पुरी होतात. स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचा विभाग करायचा ठरलाय. समितीकडे सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जमलेली शंभरेक नावं आहेत. पुढे शेरे असे: "मोठे अधिकारी", "अमेरिकेत मोठ्या पदावर", "शास्त्रज्ञ", "यशस्वी उद्योजक". छपाईला नऊ महिने आहेत. यादी पक्की कशी करायची, कुठला दावा कुठे तपासायचा आणि कोणाला घ्यायचं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

दप्तरी
ती व्हॉट्सअ‍ॅपची यादी आधी बाजूला ठेवा. फेकू नका, पण तिच्यापासून सुरुवातही नको. सुरुवात जनरल रजिस्टरपासून, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद असते त्या वहीपासून. हे दप्तर शाळेने कायम जपायचं असतं, त्यामुळे पहिल्या वर्षापासूनचं मिळायलाच हवं. (मिळालं नाही तर प्रश्न स्मरणिकेपेक्षा मोठा आहे.)

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. रजिस्टर कार्यालयाबाहेर न्यायचं नाही, लिपिकासमोर बसून काम करायचं. एका ओळीतून सहाच गोष्टी उतरवा: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, प्रवेशाची तारीख, प्रवेशाची इयत्ता, सोडल्याची तारीख, सोडताना असलेली इयत्ता. जात, जन्मस्थळ वगैरे रकान्यांना हात लावू नका, त्यांचं तुमच्याकडे काही काम नाही.

वेळेचा अंदाज आधी बांधा. वर्षाला १२० प्रवेश धरले तर ७५ वर्षांच्या नऊ हजार नोंदी. एक वाचणारा आणि एक टंकणारा अशी जोडी बसली तर जुन्या शाईच्या अक्षरातल्या तासाला चाळीस-पन्नास नोंदी होतात. म्हणजे दोनशे तास. रोज दोन तास एकच जोडी बसली तर शंभर दिवस, दोन जोड्या असतील तर पन्नास. एकट्याने वाचून एकट्याने टंकू नका. ओळ चुकते, आणि चुकलेली ओळ पुढच्या दहा ओळींनंतर लक्षात येते.

पानं जीर्ण असतील तर आधी फोटो काढा. फ्लॅश बंद, खिडकीचा आडवा उजेड, मोबाईल स्टँडवर. फाइलचं नाव "रजि-०२-पान-०४१" असं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन जातो. लॅमिनेशन तर मुळीच नको.

आता फसगतीच्या जागा. जन्मतारखेवरून माणूस ओळखायला जाऊ नका. शाळा उघडली की गुरुजी वाड्या-वस्त्यांवर फिरून पोरं भरती करायचे आणि तारीख कोणाला ठाऊक नसली की १ जून टाकायचे. अख्ख्या आळीचा वाढदिवस एकाच दिवशी निघेल. दुसरं, नवं रजिस्टर सुरू करताना कधी कधी क्रमांक परत १ पासून टाकलेले असतात. तिसरं, मध्ये शाळा सोडून परत आलेल्या मुलाला दुसरा क्रमांक मिळालेला असतो. म्हणून ओळखीची खूण नुसता क्रमांक नाही, तर "क्रमांक आणि प्रवेशाचं साल" अशी जोडी ठेवा.

कृष्णाकाठ
दप्तरीकाकांच्या म्हणण्याला साताऱ्याचा पुरावा आहे. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक मुलगा पहिली इंग्रजीत (इंग्रजी शाळेच्या पहिल्या वर्गात) दाखल झाला. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव भिवा. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या नोंदीच्या तारखेवरून २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळतात. एका रजिस्टरातली एक ओळ, पण ती जपली म्हणून तारीख, इयत्ता, क्रमांक सगळं बोट ठेवून दाखवता येतं. यात दोन धडे आहेत. घरचं नाव आणि जगाला ठाऊक असलेलं नाव वेगळं असू शकतं, "भीमराव" शोधत बसलात तर भिवा हातचा जातो. आणि १९१४ हा क्रमांक आहे, साल नव्हे. उतरवताना असले आकडे हमखास चुकीच्या रकान्यात जाऊन बसतात.

निकषाबद्दलही सांगतो. कराडच्या टिळक हायस्कूलचे दोन विद्यार्थी घ्या. एक यशवंतराव चव्हाण, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, पुढे देशाचे संरक्षणमंत्री. दुसरे गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात सहावे, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये कांस्य, म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नंतर पोलीस खात्यात फौजदार. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि पद्म पुरस्कार तर नाहीच. आता "पद्म किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त" असा निकष लावून त्यांच्या हयातीत कोणी स्मरणिका काढली असती, तर खाशाबा त्या यादीत बसलेच नसते. तेव्हा निकष पुरस्काराचा नको, कामाचा ठेवा.

माहेरवाशीण
पाटीपेन्सिल, त्या शंभर नावांत मुली किती आहेत ते मोजून सांगा. दहाच्या वर असतील तर आश्चर्य वाटेल.

मुली कर्तबगार नसतात असं नाही, त्या सापडत नाहीत. रजिस्टरात माहेरचं नाव, बाहेर सासरचं. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. पण तेव्हा त्या करमरकर होत्या. शाळेच्या दप्तरात "कर्वे" हुडकणाऱ्याला त्या मिळणार नाहीत. त्यात आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून पहिलं नावही बदलायची रीत. म्हणजे नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही वेगळी. अशा बाईला रजिस्टरातून शोधायचं कसं?

भावापासून शोधा. त्याच वडिलांचं नाव आणि आडनाव असलेला, पाच-सात वर्षांच्या अंतरातला मुलगा रजिस्टरात बहुतेक वेळा असतोच, आणि तो किंवा त्याचं घर अजून गावात असतं. त्याच्याकडून बहिणीचा फोन मिळतो. दुसरं म्हणजे वेळ: माहितीचा फॉर्म दिवाळीच्या आठवड्यात घरोघर फिरवा. भाऊबीजेला निम्म्या लेकी माहेरी आलेल्या असतात. मे महिन्यात सगळ्या एका वेळी सापडत नाहीत, त्या तुकड्या-तुकड्यांनी येतात.

छापताना चालू नाव आधी, मग "पूर्वाश्रमीच्या अमुक", आणि शेवटच्या सूचीत दोन्ही नावं आपापल्या अक्षराखाली. फॉर्मवर "व्यवसाय" या रकान्यात "गृहिणी" लिहून आलं तर तेवढ्यावर थांबू नका. "याखेरीज कुठलं काम करता किंवा केलंत?" असा दुसरा प्रश्न ठेवा. बचत गटाची सचिव, अंगणवाडी सेविका, स्वतः पाच एकर द्राक्षं बघणारी, शिवणकामाचे वर्ग घेणारी, सगळ्या पहिल्या प्रश्नाला "गृहिणी" असंच लिहितात.

सिलीपॉइंट
+१. वाचनखूण साठवली.

खरंखोटं
दावे तपासण्याबद्दल. सगळ्यात जास्त घोळ होतो तिथून धरतो.

"यूपीएससी पास, आयएएस." आयोगाच्या अंतिम निकालात नाव, अनुक्रमांक आणि गुणवत्ता क्रमांक असतो, पण ती निवडीची शिफारस. सेवा कुठली मिळाली ते नंतर वेगळं ठरतं. त्याच यादीतले लोक परराष्ट्र सेवेत, पोलीस सेवेत, महसूल सेवेत, रेल्वेत जातात. गावात मात्र सगळे "कलेक्टर". तेव्हा निकालाचं साल आणि मिळालेली सेवा असं दोन्ही लिहा. राज्यसेवेतून आलेले उपजिल्हाधिकारी बढतीने आयएएसमध्ये जातात, तेही वेगळं नोंदवा. त्यात कमीपणा काही नाही.

सैन्य. बोलताना लेफ्टनंट कर्नललाही "कर्नलसाहेब" म्हणतात, छापताना नाही. शिपाई म्हणून भरती होऊन सुभेदार मेजरपर्यंत चढलेल्यांतल्या काहींना निवृत्तीच्या सुमारास मानद कॅप्टन हुद्दा मिळतो. तिथे "मानद" शब्द गाळू नका. तो शब्द म्हणजे तीस-एक वर्षांच्या नोकरीचं चीज आहे, गाळला की माणूस दुसराच कोणी होतो. डिस्चार्ज बुकात सगळं असतं. नोंदीत चार गोष्टी हव्यात: दल, रेजिमेंट, दाखल झाल्याचं साल, शेवटचा हुद्दा. नमुना म्हणून पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेचे जनरल मनोज नरवणे घ्या: भूदल, शीख लाइट इन्फंट्री, जून १९८०, लष्करप्रमुख (३१ डिसेंबर २०१९ ते ३० एप्रिल २०२२). एकही विशेषण नाही आणि काही कमीही पडत नाही.

"डॉ." दोन प्रकारचे. वैद्यकीय असेल तर राज्याच्या वैद्यक परिषदेची नोंदणी. पीएचडी असेल तर विद्यापीठ, साल, विषय विचारा. बरेच प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात नावाने सापडतात (जुने सगळे तिथे नाहीत, तेव्हा सापडला नाही म्हणजे खोटा असं नाही). तिसरा प्रकार मानद डॉक्टरेटचा. हल्ली अनोळखी नावाच्या "आंतरराष्ट्रीय विद्यापीठां"कडून हॉटेलच्या सभागृहात ती वाटली जाते. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी काढतो, त्यात बघा. पण खऱ्या विद्यापीठाची मानद पदवी असली तरी ती सन्मान म्हणून वेगळ्या ओळीत, नावाआधी "डॉ." नाही.

पेटंट. "नावावर बारा पेटंट" असं आलं की अर्ज किती आणि मंजूर किती ते विचारा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्याला तपासणी झालेली नसते. मंजुरीनंतर क्रमांक मिळतो, मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधकाच्या नावाने दोन्ही दिसतं. अलीकडे डिझाइनची नोंदणी करून त्याला पेटंट म्हणायचीही टूम निघाली आहे. वस्तूच्या आकाराची नोंदणी ती, शोधाची नव्हे.

"बोर्डात पहिला." कुठलं बोर्ड, कुठली यादी? राज्याची, विभागाची, की एखाद्या विषयातली? स्वातंत्र्यापूर्वी मुंबई प्रांतात मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं, तेव्हा इथे बोर्डच नव्हतं. डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, मुंबईच्या युनियन हायस्कूलचे, १९६० च्या एसएससीत राज्यात अकरावे आले. "अकरावे" हा आकडा पुरेसा बोलका आहे. कोणी "बोर्डात चमकले" असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं?

आणि हो, पद्म पुरस्कार ही पदवी नाही. नावाआधी किंवा नंतर ती लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. "पद्मश्री अमुक" असं मथळ्यात टाकू नका. मजकुरात सालासह लिहा.

चिंचेचंझाड
खरंखोटं, सत्काराला बोलावताय की जबाब नोंदवायला? एवढी झडती घेतली तर कोणी फॉर्म भरणार नाही. वर समितीवर नाराजी ओढवेल ती वेगळीच.

खरंखोटं
झडती घ्यायचीच नाही. पुरावा मागू नका, नेमकेपणा मागा. "पदाचं अधिकृत नाव, संस्थेचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत" असे तीन रकाने ठेवले की "मोठ्या पदावर" आपोआप गळतं. मग त्यांची तयार झालेली नोंद जशी छापणार तशीच त्यांना पाठवा: "आपली नोंद अशी छापली जाईल, दुरुस्ती आठ दिवसांत कळवावी." फुगवलेला मजकूर बहुतेक वेळा त्या माणसाचा नसतोच. तो चुलत्याने किंवा वर्गमित्राने पाठवलेला असतो, आणि स्वतः माणूस तो आनंदाने कमी करतो. उरलेल्या पाच टक्क्यांसाठी वरचे मार्ग. तेही गुपचूप.

सिलीपॉइंट
खेळाडूंचं राहिलं. "रणजी खेळाडू" म्हणजे संघात निवड की प्रत्यक्ष सामना? धावफलक उपलब्ध असतात, पदार्पणाचा सामना आणि हंगाम लिहा. कबड्डी, खो-खोत "राष्ट्रीय खेळाडू" लिहिताना शालेय राष्ट्रीय, कुमार राष्ट्रीय आणि वरिष्ठ राष्ट्रीय हे वेगळे ठेवा. तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसरा नेहमीचा वाद: विद्यार्थी नेमका कोणाचा? सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, मग दादरच्या शारदाश्रममध्ये आला. फेब्रुवारी १९८८ ची ती ६६४ धावांची भागी, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, हॅरिस ढाल या शालेय स्पर्धेच्या सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध, ती शारदाश्रमकडून. म्हणून वांद्र्याच्या शाळेने त्याला विद्यार्थी म्हणू नये का? जरूर म्हणावं, पण ६६४ आपल्या खात्यात लिहू नये. तुमच्या यादीत "इयत्ता अमुक ते अमुक" छापलंत की हा वाद मिटतो. तुमच्याकडे पाचवी-सहावी करून तालुक्याबाहेर गेलेला पुढे मोठा झाला असेल, तर तसंच लिहा.

बांधावरून
कोणाला घ्यायचं या प्रश्नाला कोणी थेट हात घातला नाही, म्हणून लिहितो. नऊ हजारांतून शंभर निवडायचे म्हटलं की यादी आपोआप अधिकारी, डॉक्टर, परदेशस्थ यांची होते. मग स्मरणिका हातात घेणारा गावातला माणूस आपलं नाव शोधतो, सापडत नाही, आणि पुस्तक कपाटावर जातं.

माझं मत: दोन भाग करा. पहिल्यात सर्वांची सूची, फक्त नाव, शाळेतली सालं आणि एक ओळ. दुसऱ्यात निवडक चाळीस, अर्ध्या पानाची माहिती. निवडीला कसोटी एकच, त्या माणसाने आपल्या धंद्यात असं काय केलं जे त्याच धंद्यातला दुसरा माणूस मान्य करेल? साखर कारखान्यात पॅन विभाग (रस आटवून साखरेचा दाणा धरतात तो) सांभाळणारा, ज्याच्या हाताखाली दाणा बिघडत नाही. विहिरीचं पाणी, पानाचं पृथक्करण बघून युरोपला द्राक्षं पाठवणारा, ज्याचा कंटेनर फवारणीच्या औषधाच्या अंशापायी परत आला नाही. यात्रेतल्या कुस्तीचा पंच. एसटीचा चालक, विनाअपघात सेवेचा बिल्ला असलेला. या लोकांकडून माहिती काढायला फॉर्म चालत नाही, जाऊन बसावं लागतं. अर्धा तास "काय सांगायचं त्यात" होतं, मग पाऊण तास थांबत नाहीत.

"उद्योजक" या शब्दाला मात्र बंदी घाला. काय बनवतो, किती कामगार, कुठल्या सालापासून, एवढं लिहा.

तक्ताबहाद्दर
एक्सेलबद्दल थोडक्यात, कारण तिथे रात्री जातात. मोबाईल क्रमांकाचा रकाना आधीच "मजकूर" करून ठेवा, नाहीतर +९१ लावलेले आकडे भलत्याच रूपात दिसतात. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा तीन वेगळ्या रकान्यांत टाका. एकत्र टाकल्या की ६ जानेवारी आणि १ जून यांची अदलाबदल होते आणि कळतही नाही. दीक्षित-दिक्षित, कुलकर्णी-कुळकर्णी यांसाठी शोधायचा वेगळा रकाना ठेवा, त्यात सगळ्यांना एकच रूप. छापताना रजिस्टरातलं किंवा माणसाने स्वतः लिहिलेलं रूप.

"तुकडी" म्हणून दहावीचं साल विचारता ना? १९७५ च्या सुमाराला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली. तेव्हा एकाच उन्हाळ्यात दोन वर्ग बाहेर पडलेले दिसतील. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

जुळारी
छपाईवाल्याच्या बाजूने. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्याचा कस जातो. पडद्यावर छान, छापल्यावर धुरकट. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, किंवा मूळ फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करा. जुन्या स्मरणिकेचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडतात. "वर्ग"चं काहीतरी भलतंच होतं. यंत्रावर विसंबून न राहता नावांची यादी डोळ्यांखालून घाला, आणि वाचणारा गावातला हवा. बाहेरचा मुद्रितशोधक आडनावं "सुधारतो".

आकार डेमी १/८, आत ८० जीएसएमचा मॅपलिथो कागद, पानं सोळाच्या पटीत, कारण एका फर्म्यात (एका छापील तावात) सोळा पानं बसतात. २०८ ठरवून २१० केलीत तर दोन पानांसाठी पुढचा फर्मा लागतो. उरलेली चौदा पानं भरायला मग जाहिराती शोधत फिरावं लागतं.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. माहेरवाशीणताई, मोजलं: शंभरात सात. अजून दोन शंका. १९८८ च्या दहावीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सारखं असलेले दोघे आहेत, दोघांचीही जन्मतारीख १ जून. आणि सातवीत, आठवीत शाळा सोडलेल्यांना माजी विद्यार्थी धरायचं का?

दप्तरी
दोघांचे रजिस्टर क्रमांक वेगळे असणारच. "पूर्वीची शाळा" हा रकाना बघा, दोघं वेगवेगळ्या वाडीच्या प्राथमिक शाळेतून आलेले निघतील. छापताना नावापुढे कंसात वाडीचं नाव घाला. गावात त्यांना तसंच ओळखतात.

सोडून गेलेले अर्थातच माजी विद्यार्थी. रजिस्टरात नाव आहे म्हणजे तो तुमचा. फक्त एक काळजी घ्या. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात "सतत गैरहजर", "नापास", "शेतीकामासाठी" असे शेरे असतात. ते उतरवून घेऊ नका, छापू तर नकाच, आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो समूहावर टाकायचा मोह आवरा, त्यात शेजारच्या वीस जणांची जात-जन्मतारीख असते. फोन, पत्ता छापायचा तर फॉर्मवर वेगळी संमती घ्या, "छापण्यास हरकत नाही" अशी चौकट आणि खाली सही.

नोंद एवढीच पुरे: "रजि. क्र. अमुक, १९८१. इयत्ता पाचवी ते आठवी. एसटी महामंडळात चालक, १९९४ ते २०२२."